बास माशांच्या स्पर्धा : काय घ्यावे, काय घेऊ नये

धरणांचे जलाशय, गावतळी आणि शेततळी यांमुळे माशांना पुरेल इतके पाणी आज महाराष्ट्रातील पुष्कळ गावांच्या जवळपास साठलेले असते. या पाण्यातील माशाकडे आजवर आपण दोन दृष्टींनी पाहत आलो. एक अन्नाची आणि दुसरी उत्पन्नाची. अलीकडे तिसरी एक दृष्टी त्यात मिसळू लागली आहे, ती करमणुकीची. शहरातील हौशी मंडळी काठी, रीळ व गळ घेऊन सुटीच्या दिवशी जलाशयावर येतात. कृषी पर्यटनाचा जोडधंदा करणारे काही शेतकरी आपले तळे अशा पाहुण्यांना मोकळे करून देतात. मोबाईलवर अमेरिकेतील बास माशांच्या स्पर्धा पाहून, आपल्याकडेही तसे काही करावे असे तरुणांस वाटू लागणे स्वाभाविक आहे.

हा छंद वाईट नाही. परंतु परक्या भूमीतील कोणतीही गोष्ट घेताना तिचे दाणे कोणते व भूस कोणते हे पाखडून पाहावे लागते. आमचे मत आरंभीच स्पष्ट सांगतो. बास स्पर्धांनी पकडलेल्या माशाची निगा राखण्याची जी शिस्त उभी केली ती आपण अवश्य घ्यावी. तो मासा मात्र आपल्या पाण्यात कधीही आणू नये.

बास हा कोणता मासा?

बास नावाचे मासे अनेक आहेत. स्पर्धांत ज्याला मान आहे तो मुख्यतः लार्जमाउथ बास, म्हणजे मोठ्या तोंडाचा बास होय. उत्तर अमेरिकेचा पूर्व व मध्य भाग हे त्याचे मूळ स्थान. हा मासा शिकारी आहे. बुडालेली झाडे, पाणवनस्पती किंवा खडक यांच्या आडोशाने तो दबा धरून बसतो आणि समोरून जाणारा लहान मासा, बेडूक वा खेकडा एका झडपेत गिळतो. गळाला लागला म्हणजे पाण्याबाहेर उसळ्या मारतो, आणि म्हणूनच हौशी मासेमारांना तो प्रिय आहे.

त्याची आणखी एक सवय लक्षात ठेवण्याजोगी आहे. वसंत ऋतूत उथळ पाण्यात नर तळ साफ करून घरटे करतो आणि अंडी व पिले यांची राखण करतो. आपले रोहू, कटला असे काही करीत नाहीत. ते पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालून मोकळे होतात. घरट्यावरचा नर गळाने उचलून दूर नेला तर त्याच्यामागे लहानसहान मासे अंडी फस्त करतात. तेव्हा एका माशाला धरल्याने किती जिवांवर परिणाम होतो, हे त्या माशाच्या सवयींवर अवलंबून असते.

स्पर्धेचा जन्म आणि एक महत्त्वाचा बदल

या स्पर्धांना आजचे रूप रे स्कॉट या गृहस्थांनी दिले. ते अलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरी येथे विम्याचा व्यवसाय करीत. १९६७ च्या जून महिन्यात आर्कान्सा राज्यातील बीव्हर जलाशयावर त्यांनी पहिली मोठी स्पर्धा भरविली. तीत १०६ स्पर्धक उतरले होते. पुढील वर्षी, १९६८ मध्ये, त्यांनी हौशी मासेमारांची संघटना स्थापन केली आणि १९७१ साली नेव्हाडा व ॲरिझोना यांच्या सीमेवरील मीड जलाशयात तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. बीव्हर काय किंवा मीड काय, दोन्ही धरणांनी अडविलेली पाणी आहेत. ही गोष्ट आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण आपलीही बहुतेक मोठी पाणी धरणांचीच आहेत.

आरंभीच्या त्या दिवसांत स्पर्धेतील मासे दोरीत ओवून मिरविले जात व मरून जात. स्पर्धा होऊन गेली की जलाशय रिकामा होतो, अशी तक्रार स्थानिक लोक करू लागले. तक्रारीत तथ्य किती हा प्रश्न वेगळा. पण ज्या पाण्यावर आपला खेळ चालतो त्या पाण्याचे शेजारी आपल्यावर रुष्ट असतील, तर तो खेळ फार दिवस चालत नाही हे स्कॉट यांनी ओळखले. १९७२ साली त्यांनी “आपला मासा मारू नका” अशी मोहीम काढली. मासे होडीतील पाण्याच्या टाकीत जिवंत ठेवावयाचे, वजन करावयाचे आणि पुन्हा पाण्यात सोडावयाचे, असा दंडक पडला. रे स्कॉट २०२२ साली निवर्तले. त्यांनी घालून दिलेला हा दंडक मात्र आज तेथील लहान-मोठ्या असंख्य स्पर्धांत पाळला जातो.

या बदलाचे मर्म नियमांत आहे. स्पर्धकाला साधारणतः दिवसाला पाचच मासे वजनासाठी आणता येतात. ठरलेल्या लांबीपेक्षा लहान मासा चालत नाही. स्कॉट यांच्या संघटनेच्या स्पर्धांत प्रत्येक मेलेल्या माशामागे चार औंस, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅम, वजन कापले जाते. कित्येकदा पहिल्या व दुसऱ्या क्रमांकांत एवढेही अंतर नसते. केवळ उपदेशाने जे साधले नसते ते या ११३ ग्रॅमांनी साधले. मासा जिवंत ठेवणे हे पुण्यकर्म न राहता स्पर्धकाच्या हिताचे काम झाले. ग्रामीण कार्यात असलेल्या आपल्या बंधुभगिनींना या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. चांगली सवय आणि स्वतःचे हित यांची गाठ घालून दिली की ती सवय टिकते.

नवख्याने सुरुवात कशी करावी?

अमेरिकेत नवखा मनुष्य प्रथम आपल्या राज्याचा मासेमारीचा परवाना काढतो. परवान्याचे पैसे राज्याच्या मत्स्य विभागाच्या कामी येतात. शिवाय १९५० च्या एका कायद्यान्वये काठी, रीळ, गळ इत्यादी साहित्यावर कर बसविला असून त्याचे उत्पन्न राज्यांना माशांची पैदास, पाहणी व संगोपन यांसाठी वाटून दिले जाते. जो पाण्यातून आनंद घेतो तो पाण्यासाठी काही देतो, असा हा व्यवहार आहे.

त्यानंतर तो गावच्या क्लबात जातो. बास स्पर्धांच्या वेगवान होड्या फार महाग असतात; पण आरंभी होडी घेण्याचे मुळीच कारण नसते. पुष्कळ क्लबांत नवखा माणूस जुन्या स्पर्धकाच्या होडीत मागच्या बाजूस बसून मासेमारी करतो. ज्याच्याजवळ लहान वल्ह्याची होडी आहे त्याच्यासाठी निराळ्या स्पर्धा असतात. त्यांत मासा टाकीत ठेवीतच नाहीत. मोजपट्टीच्या फळीवर ठेवून त्याचे छायाचित्र घेतात व तेथल्या तेथे सोडतात. निकाल वजनावर न लावता लांबीवर लावतात. २०१९ पासून चाललेल्या एका मोठ्या व्यावसायिक मालिकेतही मासा होडीतच तोलून लगेच सोडण्याची पद्धत आहे.

नवख्यास आमचा सल्ला असा की, त्याने प्रथम नियमपत्रिका वाचावी, नंतर माशाची निगा शिकावी आणि काठीचे कौशल्य त्यानंतर मिळवावे. लोक नेमका उलटा क्रम धरतात. गळ फेकण्याचे कसब महिनाभरात येते. हाती आलेल्या माशाचे काय करावयाचे हे मात्र पहिल्या दिवसापासून ठाऊक असावे लागते, कारण मासा पहिल्या दिवशीही लागू शकतो.

पकडलेल्या माशाची निगा

माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो. रोगजंतूंपासून त्याचे रक्षण करणारे ते कवचच होय. कोरडा हात, कोरडे फडके किंवा तापलेली होडीची फळी लागली की हा थर निघून जातो आणि काही दिवसांनी तेथे बुरशी धरते. म्हणून माशाला हात लावण्यापूर्वी हात ओले करावेत. मोजपट्टीही ओली करून घ्यावी.

मासा पाण्याबाहेर असतो तेव्हा त्याला श्वास घेता येत नाही. गळ काढणे, मोजणे, छायाचित्र घेणे ही सर्व कामे आधी तयारी करून अल्प वेळात उरकावीत. जड मासा नुसता जबड्याने आडवा लोंबकळत धरू नये. एक हात पोटाखाली द्यावा. कल्ल्यांत बोटे घालू नयेत. गळ खोल गिळला गेला असेल तर ओढाताण करण्यापेक्षा दोर जवळून कापलेला बरा. काटे नसलेला गळ वापरल्यास हे काम पुष्कळ सोपे होते.

टाकीविषयी तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात : जागा, प्राणवायू आणि उष्णता. दर किलो माशामागे निदान आठ लिटर पाणी असावे. पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे पाच मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नये. येथे एक साधे शास्त्र समजून घ्यावे. २० अंश सेल्सियसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांच्या पाण्यात तो साडेसातच्या आसपास येतो. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढते. उन्हाळ्यात टाकीतील मासे मरतात ते या दुहेरी कात्रीत सापडून. म्हणून हवेचा पंप थांबवू नये, पाणी अधूनमधून बदलावे, झाकण सावलीत ठेवावे. बर्फाने पाणी गार करावयाचे असेल तर जलाशयातील पाण्याहून तीन-चार अंशांपेक्षा अधिक फरक पडू देऊ नये. एकदम गार पाणी हाही माशाला आघातच असतो.

मासा पोहत निघून गेला म्हणजे वाचला, असेही समजू नये. दमलेला व प्राणवायूवाचून तडफडलेला मासा सोडल्यानंतर दोन-चार दिवसांनी तळाशी मरून पडतो. तो कोणी मोजीत नाही. हा उशिराचा मृत्यू गरम पाण्यात अधिक होतो, असे अमेरिकेतील मत्स्यशास्त्रज्ञांना आढळून आले आहे. स्पर्धेचे यश बक्षीस समारंभाच्या टाळ्यांवरून ठरवू नये, असे आम्ही म्हणतो ते यासाठीच.

हे सर्व बास माशाचे शास्त्र असले तरी आपल्या शेतकऱ्याला ते परके नाही. मत्स्यबीज आणणाऱ्या प्रत्येकाला हाच हिशेब करावा लागतो. बोटुकलीची पिशवी सकाळच्या गारव्यात आणावी, तळ्याच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटे तशीच तरंगत ठेवावी, आतील व बाहेरील पाण्याची उष्णता सारखी होऊ द्यावी, मग तोंड सोडून तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घ्यावे आणि बीज आपण होऊन बाहेर जाऊ द्यावे. भर दुपारी पिशवी उलटी करून रिकामी करणारा शेतकरी पैसे देऊन आणलेले बीज स्वतःच्या हाताने मारतो.

मासा का आणू नये?

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. बासला इतकी मागणी आहे, तर तोच मासा आपल्या जलाशयात सोडून पर्यटन का वाढवू नये, असा प्रश्न उत्साही माणूस विचारील. त्याचे उत्तर जपानने दिले आहे.

१९२५ साली जपानमधील आशी सरोवरात हा मासा अमेरिकेहून आणून सोडण्यात आला. पुढे हौशी मासेमारांच्या मागणीने तो पाण्यामागून पाणी व्यापीत गेला. बिवा हे जपानचे सर्वांत मोठे व फार प्राचीन सरोवर. तेथील कित्येक मासे जगात अन्यत्र कोठेही नाहीत. बासने त्यांच्यावर ताव मारला. शेवटी त्या प्रांताने २००३ पासून पकडलेला बास पुन्हा सरोवरात सोडण्यास मनाई केली, आणि २००५ मध्ये राष्ट्रीय कायद्याने हा मासा जिवंत नेणे, पाळणे व नव्या पाण्यात सोडणे बंद केले.

बासच्या जागतिक उच्चांकाची हकीकत या संदर्भात बोलकी आहे. १९३२ साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी यांनी दहा किलोंहून थोडा अधिक वजनाचा बास पकडला. तो काळ तंगीचा होता; पेरी यांच्या घरी तो मासा शिजवून खाल्ला गेला. या उच्चांकाशी बरोबरी करणारा मासा २००९ मध्ये मिळाला, तो बिवा सरोवरात. जातीने एकच असा हा मासा. एका देशात त्याला सोडणे हा सद्गुण ठरला, दुसऱ्या देशात त्याला सोडणे हा नियमभंग ठरला. मासा सोडण्यात आपोआप पुण्य नाही. कोणता मासा कोणत्या पाण्यात सोडला यावर ते अवलंबून आहे.

आपल्या देशात ज्याच्या पालनास बंदी आहे त्या आफ्रिकन मागूराचा अनुभव आपल्याला आहेच. पण परदेशी माशाचीच भीती असते असेही नाही. आपलाच मासा दुसऱ्या नदीत नेल्यानेही हानी होते. सह्याद्रीच्या नद्यांतील महसीर, ज्याला मावळात खडशी म्हणतात, त्याचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतील माशांवरून केले. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीच्या केंद्रात १९७० नंतरच्या काळात या माशाची कृत्रिम पैदास यशस्वी झाली; सह्याद्रीच्या पाण्यासाठी ते मोलाचेच काम होते. परंतु हे बीज दक्षिणेत कावेरीतही सोडले गेले. तेथे वशिंडासारखा उंचवटा असलेला, कावेरी खोऱ्याबाहेर कोठेही न आढळणारा महाकाय महसीर होता. कावेरीकाठच्या गळिबोरे येथील शिबिरात हौशी मासेमार मासे पकडून, नोंद करून सोडून देत. १९९८ ते २०१२ या काळातील त्या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या तेव्हा बाहेरून आणलेला महसीर वाढत गेला व मूळचा मासा घटत गेला, असे २०१५ साली प्रसिद्ध झाले. २०१८ मध्ये त्या मूळच्या माशाची गणना अतिसंकटग्रस्त प्राण्यांत झाली.

या हकीकतीत दोन धडे आहेत. हेतू चांगला असला तरी एका नदीचे बीज दुसऱ्या नदीत टाकू नये, हा पहिला. हौशी माणसाने वहीत प्रामाणिकपणे लिहिलेली नोंद शास्त्राला उपयोगी पडते, हा दुसरा.

आपल्या पाण्यावर काय करता येईल?

आपल्याकडे हा छंद अगदी नवा नाही. मुंबईत पवई तलावावर हौशी मासेमारांची संघटना पुष्कळ वर्षे आहे. मासे राखण्याची परंपरा तर त्याहून कितीतरी जुनी आहे. महाड तालुक्यातील काळ नदीवर वाळणकोंड येथे आणि वाडा तालुक्यातील वैतरणेवर तिळसे येथे देवाचे म्हणून महसीर राखले जातात. गावकरी त्यांना धरीत नाहीत. अशा डोहांवर गळ नेण्याचा विचारही कोणी करू नये.

इतर पाण्यांवर गावाला स्पर्धा भरवावयाची असल्यास आमच्या मते पुढील गोष्टी पाळाव्यात. जलाशय बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतो. तिची संमती आधी घ्यावी व प्रवेशशुल्काचा वाटा तिला द्यावा. भोई, कोळी यांच्या पोटाचे साधन ते पाहुण्यांच्या करमणुकीचे साधन होण्यापूर्वी त्यांना विचारणे हा साधा न्याय आहे. स्पर्धा पावसाळ्यातील विणीच्या काळात भरवू नये, आणि एप्रिल-मेच्या तापलेल्या पाण्यातही भरवू नये. हिवाळ्याची सकाळ उत्तम. मासा टाकीत दिवसभर ठेवण्याऐवजी जागीच मोजून सोडण्याची पद्धत आपल्या उष्ण हवेस अधिक मानवेल. मेलेल्या माशाचे गुण कापावेत. दुसऱ्या तळ्यातील जिवंत मासे आमिष म्हणून आणू नयेत, आणि होडी, जाळी, डबे हे सर्व रिकामे करून वाळविल्याशिवाय दुसऱ्या पाण्यात नेऊ नयेत. दिनांक, माशाची जात व लांबी यांची नोंदवही ठेवावी आणि तिची एक प्रत तालुक्याच्या मत्स्य अधिकाऱ्यांकडे द्यावी.

मासा खाण्यासाठीच धरला असेल तर सोडून देण्याचे ढोंग करण्याचे कारण नाही. रोहू-कटल्याचे बीज आपण टाकतो तेच मुळी अन्नासाठी. मात्र त्याचीही निगा आहे. दिवसभर दोरीत ओवून उन्हात टांगलेला मासा संध्याकाळी ना जिवंत असतो ना खाण्याजोगा. तो लगेच मारावा, आतडी काढून स्वच्छ धुवावा आणि वजनाइतक्याच बर्फात ठेवावा. मासा एकतर जिवंत पाण्यात परत जावा किंवा ताजा ताटात यावा. उकिरड्यावर जाऊ नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या विषयाकडे शहरी चैन म्हणून पाहू नये. गावातील दहा तरुण काठ्या घेऊन तळ्यावर जात असतील तर त्यांना हाकलण्याऐवजी त्यांच्या हाती मोजपट्टी व नोंदवही द्यावी. कोणत्या महिन्यात कोणता मासा किती लांबीचा मिळाला, हे सांगणारी वही आज फारच थोड्या गावतळ्यांपाशी आहे. ती वही दोन-चार वर्षे नीट राखली गेली, तर पुढचे बीज कोणते व किती टाकावे हे ठरविताना संस्थेला तिचाच आधार होईल. येत्या हिवाळ्यात निदान एका तळ्यावर तरी हा प्रयोग प्रत्येक तालुक्याने करून पाहावा.